गेलेल्या दिवसाचा पंचनामा

दिवसभर प्रामाणिकपणे राबूनही संध्याकाळी हाती काहीच उरले नाही, तर तो दिवस वाया गेला असे म्हणावे काय? हा प्रश्न फार जुना आहे. शेतकरी, कोळी, शिक्षक, वैद्य आणि आम्हां धर्मगुरूंनाही तो कधी ना कधी छळतो. प्रस्तुत लेखात मात्र तो आम्ही एकाच व्यवसायाच्या संदर्भात तपासून पाहणार आहोत. तो व्यवसाय म्हणजे छायाचित्रकाराचा. लग्नसमारंभ असो, बाळाचा बाप्तिस्मा असो की मुलांचे प्रथम ख्रिस्तप्रसादग्रहण असो, हा मनुष्य आपल्या प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी हजर असतो. परंतु त्याने काढलेल्या चित्रांत तो स्वतः कोठेच नसतो. कदाचित म्हणूनच त्याच्या निराशेचा विचार करावा असे आपल्यापैकी फारसे कोणाच्या मनात येत नाही.

त्याच्या निराशेला एक वेगळी धार आहे. सुताराच्या हातून एखादी फळी चुकीची कापली गेली, तर दुसरी फळी मिळते. शिंप्याला उसवून पुन्हा शिवता येते. छायाचित्रकाराचा कच्चा माल म्हणजे प्रकाश आणि क्षण. या दोहोंपैकी एकही त्याच्या मालकीचा नाही आणि दोहोंपैकी एकही गोदामात साठवून ठेवता येत नाही. वधूच्या डोक्यावर अक्षता पडत असताना तिच्या वडिलांच्या डोळ्यांत आलेले पाणी टिपायचे राहून गेले, तर त्यांना पुन्हा रडा असे कोण सांगणार? गेले ते गेलेच.

नांदेड आणि लातूर या आमच्या परिचयाच्या दोन जिल्ह्यांत या व्यवसायाच्या अडचणी आणखी निराळ्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांतील लगीनसराई, त्यात भर दुपारचा मुहूर्त. सूर्य डोक्यावर आलेला असतो आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली साचते. मांडवाचे कापड लाल असेल तर वऱ्हाडातील सगळेच चेहरे लाल. हे झाले आजचे. रोलचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना याहून मोठ्या धास्तीत दिवस काढावे लागत. एका रोलमध्ये 36 चित्रे. रोलची पट्टी दात्यांवर नीट बसली नाही, तर कॅमेरा खटखट वाजत राही, आकडे पुढे सरकत राहत आणि आत मात्र काहीच उमटत नसे. हे कळे ते रोल धुऊन आल्यावर. तोवर नवरी सासरी नांदायला गेलेली असे. पुढे डिजिटल कॅमेरा आला, त्यामागोमाग मोबाईल आला. धास्ती कमी झाली, पण तिच्याबरोबर मिळकतही कमी झाली. पासपोर्ट आकाराच्या चार प्रतींवर ज्या दुकानाचे भाडे निघत असे, त्या दुकानाच्या दारात आज झेरॉक्सचे यंत्र उभे आहे.

असे दुकान चालविणारे एक वयस्क गृहस्थ आम्हांस एकदा म्हणाले, "फादर, शेतकऱ्याचं पीक गेलं तर तलाठी येऊन पंचनामा करतो. आमच्या गेलेल्या दिवसाचा पंचनामा कोण करणार?" हे ते हसतच म्हणाले, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पंचनामा म्हणजे काय? नेमके काय गेले, किती गेले आणि कशामुळे गेले याची चार माणसांसमक्ष केलेली नोंद. निराशेच्या वेळी मनुष्य नेमके हेच करीत नाही. एक चित्र बिघडले की तो म्हणतो, दिवस बिघडला. दिवस बिघडला की म्हणतो, आपल्यात काही दमच नाही. एका बांधावरचे नुकसान तो सगळ्या शिवारावर पसरवितो. म्हणून प्रथम पंचनामा करू.

आमच्या मते छायाचित्रकाराची निराशा तीन प्रकारची असते आणि तिन्हींचे मोल सारखे नसते. पहिली आपल्या हलगर्जीपणातून येते. बॅटरी भारून ठेवली नाही, भिंग पुसले नाही, कार्यक्रमस्थळी वेळेवर पोहोचलो नाही. ही निराशा म्हणजे शिक्षकाची छडी होय. ती चुकवू नये, तिच्यापासून शिकावे आणि ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करावी. दुसरी निराशा दुखावलेल्या अहंकाराची असते. चित्र चांगले आले, गिऱ्हाईकही संतुष्ट झाले. पण शेजारच्या स्टुडिओवाल्याच्या चित्राची वाहवा अधिक झाली. ही निराशा नीट न्याहाळली तर तिच्या मुळाशी काहीच गेलेले नसते, असे दिसून येते. तिचा पंचनामा कोरा राहतो. तिसरी मात्र खरी. तयारी पूर्ण होती, मन लावून काम केले आणि तरीही हाती काही लागले नाही. ढग आले, वीज गेली, माणूस ऐन वेळी वळला. या निराशेत दोष कोणाचाच नसतो. म्हणूनच ती सोसण्यास अधिक कठीण जाते. कारण दोष सापडला की मनाला निदान टेकायला एक भिंत तरी मिळते.

या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या मराठवाड्याच्याच भूमीत आहे. रॉबर्ट गिल या मद्रासच्या सैन्यातील अधिकाऱ्याची 1844 साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविण्यासाठी नेमणूक केली. गिल आणि पारू यांची कथा मराठी वाचकांस ठाऊक आहे. पण त्याच्या कामाची कथा त्याहून कमी करुण नाही. लेण्यांतील अंधुक उजेडात, दमट हवेत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगविले आणि ते लंडनला पाठविले. तेथे सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडले गेले. 1866 च्या डिसेंबरात त्या इमारतीस आग लागली आणि त्यांतील मोजकी चित्रे वगळता बाकी सर्व जळून गेली. आयुष्याची उमेदीची वर्षे एका आगीत गेली. गिलने काय केले? तो पुन्हा लेण्यांत गेला आणि पुन्हा कामास लागला.

ही कथा येथेच संपत नाही. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 पासून तेच काम नव्याने हाती घेतले. 1885 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागली आणि त्यांच्याही अनेक प्रती जळाल्या. एकाच कामावर दोनदा आग! तरीही कोणीतरी पुन्हा तेथे गेलेच. पुढे नांदेड-लातूरचा हा मुलूखही ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे छायाचित्रांसह चार खंड 1930 ते 1955 या काळात सिद्ध केले.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गिलने रंगकामाबरोबर कॅमेराही हाती धरला होता. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे 1864 साली, म्हणजे आगीच्या दोन वर्षे आधी, जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली होती. कॅनव्हास जळाले, छायाचित्रे राहिली. ज्या कामासाठी तो नेमला गेला ते बहुतेक नष्ट झाले आणि जे जोडकाम म्हणून केले ते टिकले. आपल्या कोणत्या दिवसाचे पीक टिकणार आणि कोणत्या दिवसाचे जाणार, हे आपल्याला त्या दिवशी ठरविता येत नाही, एवढे तरी यावरून निश्चित होते.

कोणी म्हणेल, गिलची गोष्ट फार मोठी आणि फार जुनी. तर मग एका दिवसाचे उदाहरण घेऊ. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. 1947 च्या जूनमध्ये देशाच्या फाळणीच्या प्रस्तावावर नेत्यांचे हात वर झाले, त्या सभेचे चित्र त्यांनी टिपले होते. परंतु 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेस जाण्याचा त्यांचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला. तो दुसरा दिवस कसा उगवला हे सर्वज्ञात आहे. ही चुकामूक आपल्या मनात सलत राहिली, असे त्यांनी पुढे सांगितले. त्याच दिवशी हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार हत्येपूर्वी काही काळ गांधीजींना भेटला होता आणि त्यानंतरच्या शोकाकुल दिल्लीची त्याची चित्रे जगभर गाजली. दोघेही आपल्या कलेत निपुण, दोघेही परिश्रमी. एकाच्या पदरात पडले, एकाच्या पडले नाही. यात गुणवत्तेचा निवाडा कोठे आहे? ज्या फळाचा गुणवत्तेशी संबंध नाही, त्या फळावरून स्वतःची किंमत करणे हा तर्काचाच दोष होय.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. कारण तिच्याशिवाय नैतिक विचार पुरा होत नाही. छायाचित्रकाराचा 'चांगला दिवस' म्हणजे तरी काय? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमी हादरली. आदल्या रात्रीच गणेशविसर्जन झाले होते आणि माणसे दमून झोपली होती. किल्लारी आणि भोवतालच्या गावांतील दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. देशोदेशीचे छायाचित्रकार तेथे आले. त्यांनी काढलेल्या चित्रांमुळे जगाला त्या दुःखाची कल्पना आली आणि मदतीचे हात पुढे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांपैकी एखाद्याच्या मनाने रात्री, आज चांगले काम झाले, असा कौल दिला असेल, तर तो चांगला दिवस कोणाचा होता? लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हाही कॅमेऱ्यांची गर्दी झाली होती. रिकाम्या घागरींची रांग हे चित्राच्या दृष्टीने उत्तम दृश्य असते. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या दृष्टीने ते दृश्य नसते.

1993 याच वर्षी केविन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने सुदानमधील उपासमारीचे एक चित्र टिपले. भुकेने वाकलेले मूल आणि त्याच्यामागे बसलेले गिधाड. 1994 साली त्या चित्रास पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षाच्या जुलैत कार्टरने स्वतःचे जीवन संपविले. त्याच्या अंतःकरणात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि त्यामागे अनेक कारणे होती. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या दिवशी ते चित्र मिळाले तो दिवस व्यवसायाच्या वहीत सर्वोत्तम म्हणून नोंदला गेला असता. आणि तरीही त्या यशाने त्या मनुष्यास शांती दिली नाही. म्हणजे ज्याप्रमाणे चित्र न मिळाल्याने दिवस वाया जात नाही, त्याचप्रमाणे चित्र मिळाल्यानेही तो सार्थकी लागतोच असे नाही. मापच निराळे असले पाहिजे.

ते माप कोणते? काम करावे, फळाचा विचार सोडावा, असा उपदेश येथे सहज करता येईल. परंतु तो पुरेसा नाही. छायाचित्रकाराला मुलांच्या शाळेची फी भरायची असते. ज्याने आगाऊ रक्कम दिली, त्याला चित्र देणे हे त्याचे ऋण असते. माझा हेतू शुद्ध होता असे सांगून हे ऋण फिटत नाही. म्हणून फळाची पर्वा करू नये असे आम्ही म्हणणार नाही. फळाची पर्वा करावी. पण दिवसाचा न्यायनिवाडा फळावर सोपवू नये, असे म्हणू. दिवसाचे माप हे की, समोरच्या माणसाकडे आपण लक्ष दिले की नाही? वृद्ध आजीला चित्रासाठी उन्हात उभे करताना तिला खुर्ची दिली की नाही? गरिबाच्या लग्नात आणि धनिकाच्या लग्नात कॅमेरा सारख्याच काळजीने धरला की नाही? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर रोल कोरा निघाला तरी दिवस कोरा निघत नाही.

क्रूसाच्या वाटेवरील सहावे स्थान आपणा सर्वांस परिचित आहे. वेरोनिकेची ही हकीकत शुभवर्तमानांत आलेली नाही. ती परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचली आहे. याच वेरोनिकेला पुष्कळ ठिकाणी छायाचित्रकारांची आश्रयदात्री मानले जाते, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. ती चित्र मिळवावयास गेली नव्हती. रक्ताने आणि घामाने माखलेला एक चेहरा तिने पाहिला आणि तो पुसावयास ती पुढे झाली. चित्र मागाहून उमटले. ते उमटले नसते, तरी तिचे जाणे व्यर्थ ठरले नसते.

लक्ष देऊन केलेल्या कामाचे फळ किती उशिरा आणि किती अनपेक्षित ठिकाणी मिळते, हे आम्ही अंत्यविधींच्या निमित्ताने पुष्कळदा पाहिले आहे. घरातील वृद्ध निवर्तले की भिंतीवर लावण्यास त्यांचे चित्र हवे असते. शोधाशोध सुरू होते. शेवटी कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये, वऱ्हाडाच्या घोळक्यात, पार एका कोपऱ्यात ते सापडतात. मान किंचित वळलेली, खांद्यावर उपरणे, ओठांवर अर्धवट हसू. स्टुडिओवाला तेवढाच चेहरा वेगळा करून मोठा करून देतो आणि तो चौकटीत बसून पिढ्यान्पिढ्या भिंतीवर राहतो. ज्याने ते मूळ चित्र काढले, त्याला कदाचित ते फसलेले वाटले असेल. कारण नवरदेवाचे डोळे मिटले होते. त्या दिवशीची त्याची निराशा खरी होती. परंतु तिचा निकाल खरा नव्हता.

एवढे सगळे मान्य केले तरी संध्याकाळची खिन्नता तर्काने लगेच जात नाही, हेही आम्ही जाणतो. त्यासाठी जुन्या आचार्यांनी काही व्यावहारिक उपाय सांगून ठेवले आहेत. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस याने दुःखावरील उपायांची जी यादी दिली आहे, ती वाचून सेमिनरीतील विद्यार्थ्यांस नेहमी गंमत वाटते. मनास आनंद देणारी एखादी गोष्ट करणे, रडू येत असेल तर रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि सरतेशेवटी झोप व स्नान. एवढा मोठा तत्त्ववेत्ता; पण झोप आणि आंघोळ यांना त्याने कमी लेखले नाही. पाणीटंचाईचे उन्हाळे पाहिलेल्या लातूरकरांस स्नानाची थोरवी पटवून देण्याची गरज नाही. थकलेल्या शरीराने आपल्या आयुष्याचा हिशेब मांडू नये, असा याचा मथितार्थ.

दुसरा उपाय लोयोलाच्या संत इग्नेशियसचा. तो स्वतः सैनिक होता. 1521 साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि त्याबरोबर सैनिकी कीर्तीची सारी स्वप्नेही मोडली. खाटेवर पडून काढलेल्या त्या महिन्यांत त्याने मनाच्या चढउतारांचे बारकाईने निरीक्षण केले. पुढे त्याने घालून दिलेला एक नियम असा की, मन उदास असताना पूर्वी प्रसन्न चित्ताने केलेला निश्चय बदलू नये. कॅमेरा विकावा की ठेवावा, दुकान बंद करावे की चालवावे, हे प्रश्न विचारण्यास योग्य आहेत. कधीकधी विकणे हेच शहाणपणाचे ठरते. परंतु हा निर्णय रिकाम्या हाताने परतलेल्या रात्री घेऊ नये. आठ दिवस जाऊ द्यावेत, घरच्यांशी बोलावे, जमाखर्चाची वही उघडावी आणि मग ठरवावे.

तिसरा उपाय आम्ही वाचकांच्या पदरात टाकू इच्छितो. कारण मित्रांची सहानुभूती हा अक्वायनसचा उपाय छायाचित्रकार एकट्याने अमलात आणू शकत नाही. आपल्या घरच्या कार्यात चित्रे काढणाऱ्यास वेळेवर जेवावयास वाढावे. पंगती उठल्यावर उरलेसुरले त्याच्या पुढ्यात येऊ नये. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. एखादे चित्र मनासारखे आले नसेल, तर जे चांगले आले आहे त्याचा उल्लेख आधी करावा आणि मग उणीव सांगावी. घरात अशाच कोणाच्या चौकटीतील चित्र भिंतीवर असेल, तर ते काढणाऱ्याला, तो हयात असल्यास, कधी जाता जाता तसे सांगावे. आपल्या कोणत्या दिवसाचे काय झाले, हे त्याला अन्यथा कळण्याचा मार्ग नाही. पंचनाम्याला पंच लागतात आणि ते पंच आपणच आहोत.